अर्ध्या फीपायी

डिचोलीला कचेऱ्यांच्या रस्त्यावर माझा टायपिंगचा गाळा आहे. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि गिऱ्हाइकांना बसायला एक बाकडं. या बाकड्यावर येऊन टेकणारा माणूस आधीच दोन-चार खिडक्यांवरून परत आलेला असतो. त्यामुळे माझ्याकडे हसतमुखाने कोणी येत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही आताशा कुणाकडे बघून हसत नाही. सगुण टायपिस्ट खडूस आहे असं लोक म्हणतात. असेन. दिवसभर दुसऱ्यांची नावं, वयं आणि अडचणी टाइप करून बघा, मग बोला.

कमलाक्षीवहिनी आली तेव्हा मात्र मी उठून पंखा तिच्याकडे वळवला. ती आमच्या इब्रामपूरची. तिचा नवरा मधुकर माझा लहानपणापासूनचा सोबती. गेल्या वर्षी तो वारला आणि तेव्हापासून वहिनी अशी झालीय, की बसली तर उठावंसं वाटत नाही आणि उठली तर बसायला सवड नसते. तिने चपला काढून पाय फरशीवर टेकवले, पाणी मागितलं आणि पिऊन संपवलं. मग म्हणाली की एक कागद करायचा आहे, पण काय लिहायचं ते तिला नीट सांगता येणार नाही, मीच समजून घ्यावं. मी समजून होतोच. आमच्या वाड्यात ही गोष्ट माहीत नाही असा एकही माणूस नाही.

वहिनीचं माहेर दोडामार्गाच्या पलीकडे. लग्न होऊन ती इब्रामपूरला आली आणि पुढची दहा-बारा वर्षं तिने मूल होण्याची वाट बघण्यात काढली. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातलं गेलं. त्यानंतर तिने तो विषय बोलायचंच सोडलं. शेतात जायची, काजूच्या दिवसांत बिया वेचायची, शुक्रवारी पाटी घेऊन म्हापशाच्या बाजारात बसायची. तवशी-काकड्या, अळू, कोकमाची सोलं, जे दारात होईल ते. भाव करणाऱ्या बायकांना ती अशी उत्तरं द्यायची, की शेजारच्या विकणाऱ्या हसून हसून लोळायच्या. ती वहिनी आता मला आठवून काढावी लागते.

मधुकरचा धाकटा भाऊ शंभू तेव्हा घरातच होता. त्याची बायको सुविधा नार्व्याची. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, गाडी मिळेना, आणि मुलगी इब्रामपूरच्या घरातच सुईणीच्या हातावर जन्मली. सुविधेला त्यानंतर असा ताप भरला, की तिला इस्पितळात हलवावं लागलं आणि ती फार दिवस तिथंच राहिली. वाचेल की नाही अशी वेळ होती. पोर वहिनीच्या मांडीवर वाढली. सुविधा घरी आली तेव्हा मुलगी तिच्याकडे बघून रडायची आणि वहिनीकडे गेली की गप्प व्हायची. मग एक दिवस सुविधा आपणहून म्हणाली, की ही तुमच्याच ओटीत असू दे.

आमच्याकडे असं काही ठरलं, की आधी देवीला विचारतात. गावच्या देवळात देवीच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या लावल्या, गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि उजवीकडची पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार मिळाला. सुविधेने नारळासकट पोर वहिनीच्या ओटीत ठेवली. नाव ठेवलं अंकिता. मधुकरला एवढा आनंद झाला, की दुसऱ्याच दिवशी पंचायतीत जाऊन त्याने जन्माची नोंद केली. बाप मधुकर, आई कमलाक्षी. सुईणीला साक्षीला नेलं आणि येताना साऱ्या वाड्याला पेढे आणले. देवीने दिल्यावर आणखी दत्तकाचा कागद वगैरे करायचा असतो, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आलं असतं तरी कुणी केला नसता. देवीने दिलेल्याला सरकारची मान्यता मागायला जाणं हे आमच्या लोकांना चहाडी केल्यासारखं वाटतं.

आता यात काही रहस्य शोधू नका. अंकिताला कळायला लागल्यापासून सगळं ठाऊक होतं. ती वहिनीला आई म्हणायची, सुविधेला काकी. पुढे शंभू खाणीवरच्या ट्रकच्या कामासाठी नार्व्याला जाऊन राहिला, खाणी बंद पडल्यावर कंपनीच्या बसवर ड्रायव्हर लागला. तिथे त्याला मुलगा झाला, गौरेश. तो आता नववीत आहे. गणपतीत, चवथीला सगळे इब्रामपूरच्या घरी जमायचे आणि सुविधा अंकिताचे केस विंचरून द्यायची. तेवढंच ती स्वतःकडे ठेवत असे. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

मधुकर औषधाच्या कारखान्याची गाडी चालवायचा. छातीत कळ आली आणि माणूस गेला. अंकिता त्या वेळी म्हापशाच्या बाजूला एका खासगी कॉलेजात बीसीए करत होती. भाजी विकून पोट भरतं, कॉलेज भरत नाही. वहिनीने सरकारी मदतीसाठी अर्ज केला. त्याचं काय झालं हे मी विचारत नाही, कारण असल्या अर्जांचं काय होतं ते मी रोज बघतो. ते मंजूर होतात. फक्त पोर शिकून, लग्न करून, संसाराला लागल्यावर होतात.

तेव्हा शंभूने तोडगा काढला. गौरेश ज्या शाळेत जातो, त्याच संस्थेचं कॉलेज त्याच आवारात आहे आणि तिथेही बीसीए आहे. संस्थेचा नियम असा, की दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या विद्यार्थ्याचं सख्खं भावंड संस्थेच्या शाळेत शिकत असेल, तर त्याची फी अर्धी. अंकिताने तिथे बदली घ्यावी, नार्व्याला काकाकडे राहावं, उरलेली अर्धी फी शंभू आणि वहिनी मिळून भरतील. सगळं जमत होतं. एकच गोष्ट जमत नव्हती. कागदावर गौरेश तिचा चुलतभाऊ होता.

कॉलेजच्या कचेरीतली बाई चांगली होती असं वहिनी म्हणाली. तिने ऐकून घेतलं, चहासुद्धा दिला. पण चुलत चालत नाही म्हणाली. ही मुलगी खरोखर सुविधेची असेल तर दोघींनी मिळून तसं प्रतिज्ञापत्र द्यावं, आणि वर्षाच्या आत जन्माच्या नोंदीतही तशी दुरुस्ती करून आणावी. मग सवलत मिळेल. म्हणजे अंकिताचं शिक्षण पुरं व्हायचं, तर वहिनीने ती आपली मुलगी नाही असं लिहून द्यायचं. तेही नुसतं या वर्षापुरतं नाही, कायमचं.

अंकिता आधी ऐकेना. शिकणं सोडते, म्हापशाला कपड्याच्या दुकानात लागते म्हणाली. दोन दिवस मायलेकी एका घरात राहून एकमेकींशी बोलल्या नाहीत. शेवटी वहिनी तिला एवढंच म्हणाली, की बापाने तुला दुकानात उभं करायला गाडी चालवली नव्हती. पोरगी रडली आणि गप्प झाली. ती तयार झाली असं मी म्हणणार नाही. दमली.

सुविधेला तयार करणं त्याहून कठीण गेलं. वहिनी स्वतः नार्व्याला गेली. सुविधा म्हणाली, देवीसमोर दिलेलं मी परत घेणार नाही. पोर दिली त्या दिवसापासून ती माझी नाही असं मी मनाला शिकवत आले, त्यात अर्धं आयुष्य गेलं, आता तुम्ही ते पुसायला सांगता. आणि तुमच्याकडे तरी दुसरं काय उरलंय? वहिनी तिथे पायरीवर बसून राहिली. नदीकाठच्या मळ्यातून येणाऱ्या बायका तिला विचारून जात होत्या, बऱ्या आहात ना, आणि ती मान हलवत होती. काळोख पडायच्या आधी सुविधेने तिला जेवायला वाढलं आणि सही करीन म्हणून कबूल केलं.

तर असं सगळं करून ती माझ्या बाकड्यावर आली होती. मी तिला सांगितलं, सोमवारी सगळ्यांना घेऊन ये, मी मजकूर तयार ठेवतो.

सोमवारी त्या तिघी आल्या. शंभूला रजा मिळाली नव्हती. वहिनी आणि सुविधा बाकड्यावर बसल्या आणि अंकिता मध्ये न बसता दाराशी उभी राहिली. आमच्याकडे प्रतिज्ञापत्रं इंग्रजीत होतात. लोक ती न वाचताच सही करतात. म्हणून सहीआधी मी प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखवतो. तेवढा एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय, बाकी बाबतीत मी काही फार थोर नाही.

वाचायला सुरुवात केली. मी कमलाक्षी, राहणार अमुक, शपथेवर सांगते की कुमारी अंकिता ही माझी मुलगी नसून माझे दीर शंभू व त्यांची पत्नी सुविधा यांची मुलगी आहे. मी वर बघितलं. वहिनी भिंतीकडे बघत ऐकत होती. सुविधेने पदर तोंडाला लावला होता. अंकिता रस्त्यावरची वाहनं बघत होती. मी पुढे वाचलं. जन्माची नोंद करतेवेळी माझे पती मधुकर यांच्या नजरचुकीने आईवडील म्हणून आमची नावं घातली गेली.

वहिनीने हात वर केला. बसवाल्याला थांबवायला करतात तसा.

"चूक खंयची, भावजी?" ती म्हणाली. "देवीक विचारून घेतलेला चेडू ता. चूक खंय जाली?"

मी तिला समजावलं. असल्या कागदात कारण लिहावंच लागतं. कारण नसेल तर वरचा साहेब विचारतो, की मग खोटी नोंद मुद्दाम केली होती का. आणि मुद्दाम म्हटलं की प्रकरण वाढतं, चौकशी लागते. चूक म्हटलं की कुणी काही विचारत नाही. आणि ज्याच्याकडून चूक झाली तो माणूस हयात नसेल तर अधिकच बरं. त्याला कोण विचारायला जाणार? हे सगळं मी मधुकरचा सोबती असून बोललो. धंद्याची सवय लागली की जीभ असली वाक्यं आपोआप बोलते.

शेजारच्या गाळ्यातल्या नोटरी वकीलबाईंनाही मी बोलावून आणलं. त्या म्हणाल्या, आजी, हा नुसता शब्द आहे, मनाला लावून घेऊ नका. वहिनीला आजी म्हटलेलं आवडलं नसावं. मला वाटलं आता उठून जाईल, आणि मनातल्या मनात मी म्हटलंही, जा बाई, ऊठ आणि जा. पण उठून जाण्याइतकी चैन तिला परवडणार नव्हती.

त्या पूर्ण कागदात तिची मुलगी तिची नाही, हे वाक्य खरं होतं आणि ते तिने मुकाट्याने ऐकून घेतलं होतं. खोटा होता तो ‘चूक’ हा एवढाच शब्द. आणि कायद्याला नेमका तोच हवा होता. मी इतकी वर्षं हा शब्द टाइप करतोय, पण त्या दिवशी मला त्याची किळस आली.

"त्येंचा नाव काढा थंयसून," वहिनी शेवटी म्हणाली. "त्येंनी काय एक चुकीचा करूक नाय. गेलेल्या माणसाच्या माथ्यार घालू नकात. माझ्या नावार घाला. मी जिती आसंय, कोणी विचारल्यान तर सांगूक तरी येतला."

वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चालतं. चालतं की नाही हे मलाही नक्की ठाऊक नव्हतं, पण मी त्या ओळीतून मधुकरला काढलं आणि लिहिलं, की ही नोंद माझ्या, म्हणजे कमलाक्षीच्या, सांगण्यातल्या चुकीमुळे झाली. प्रिंट काढली. अंकिता तेव्हा दारातून आत आली आणि तिने कागद हातात घेऊन स्वतः वाचला. तिला इंग्रजी वाचता येत होतं. तिचा चेहरा बघवत नव्हता. आई, हे असं नको, असं ती फक्त ओठांनी म्हणाली. वहिनीने तिच्या हातातून कागद काढून घेतला, सही कुठे करायची ते मला विचारलं आणि केली. तिचं अक्षर चांगलं आहे. सुविधेने तिच्याखाली केली. तिच्या हातून एकदा पेन खाली पडलं. मी त्या कागदाचे पैसे घेतले नाहीत. वहिनीने भांडून घ्यायला लावायचा प्रयत्न केला, पण तिच्यात भांडणाचं त्राण उरलं नव्हतं.

मग मी गाळा बंद केला आणि त्यांच्याबरोबर कॉलेजात गेलो. माझा कागद परत आला असता तर त्यांना पुन्हा फेरी पडली असती, आणि मला ते सहन झालं नसतं. कॉलेजच्या कचेरीबाहेर लांब ओळीत खुर्च्या मांडल्या होत्या. प्रवेशाचे दिवस, गर्दी होतीच. अंकिताला फोटो काढायला दुसऱ्या खोलीत पाठवलं. आम्ही तिघं बसलो. वहिनी डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती, फक्त मिटले होते. सुविधा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. ती मला हळूच म्हणाली, की पोर आता आपल्या घरी राहणार, पण तिने काकीच म्हणावं असं आपण तिला सांगणार आहोत. मी म्हटलं, सांगा. आणखी काय म्हणणार?

खिडकीतल्या बाईने प्रतिज्ञापत्र वाचलं, शिक्का बघितला, आत जाऊन कुणाला तरी दाखवून आली. सवलत मंजूर आहे म्हणाली. मला हायसं वाटलं. हे खरंच आहे, मला बरं वाटलं. अर्धी फी म्हणजे काही थोडकी गोष्ट नव्हती. पोरगी शिकणार होती, आणि त्यासाठीच हे सगळं चाललं होतं. मी वहिनीला म्हटलं, झालं काम. तिने डोळे उघडले आणि मान हलवली.

एवढ्यात खिडकीतल्या बाईने रजिस्टर पुढे सरकवलं आणि मोठ्याने हाक मारली. "अंकिताच्या आई, या जरा. इथे सही."

वहिनी उठली. एवढी दमलेली बाई, पण ही हाक आली की उठायचं हे तिच्या पायांना वीस वर्षांपासून माहीत होतं. दोन पावलं पुढेही गेली. मग तिची तीच थांबली, वळली आणि परत येऊन खुर्चीवर बसली. सुविधा जागची हललीच नव्हती. तिला ती हाक आपल्यासाठी आहे हे कळलंच नव्हतं. तिला त्या नावाने आजवर कुणी बोलावलंच नव्हतं. खिडकीतल्या बाईने पुन्हा हाक मारली, जरा वैतागून. खुर्च्यांवरचे लोक वळून बघायला लागले, की या पोरीला आई आहे की नाही. मी खाली बघत राहिलो. माझ्याने त्या दोघींपैकी एकीच्याही तोंडाकडे बघवेना.

वहिनीने सुविधेच्या कोपराला हात लावला.

"ऊठ गो," ती म्हणाली. "तुका बोलायतत."